विमानाने जायचंय? आधी ट्रॅव्हल्सचं बुकिंग करा

तुमच्या जिल्ह्यात विमानतळ झाला? अभिनंदन! मुंबई आता तासाभरावर आली असं पालकमंत्री म्हणाले, म्हणजे आलीच. तरी नवख्या प्रवाशांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. अनुभव गेल्याच आठवड्यातला आहे, अजून गरम आहे.

विमानाच्या तिकिटासोबत रात्रीच्या ट्रॅव्हल्सचंही काढा. स्लीपर, खालचा बर्थ.

आजारी पडायचं तर विमानाचा वार बघून पडा.

अंधार पडल्यावर विमान यावं असा हट्ट धरू नका. शिर्डीचा विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला, तिथे साक्षात साईबाबा, तरी रात्रीची विमानं उतरायला कितीतरी वर्षं गेली. तुमच्या गावात कोण आहे?

उद्घाटन मात्र चुकवू नका. तेवढा कार्यक्रम हमखास वेळेवर होतो. सोलापूरकरांना विचारा. विमानांच्या वाटेत येते म्हणून २०२३ च्या जूनमध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, तीही केवढ्या बंदोबस्तात. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ऑनलाइन उद्घाटन झालं. पहिलं प्रवासी विमान कधी उडालं? जून २०२५ मध्ये. तेही गोव्याला! मुंबईला जायला ऑक्टोबर उजाडला. चिमणी पाडायची घाई आणि विमान आणायची सवड, हे गणित कुणी तरी समजावून सांगा. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाच्या उद्घाटनाला २०२१ मध्ये एकमेकांचे कट्टर विरोधक उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकाच मंचावर आले, टोमणेही झाले, कोकणाने सगळं बघितलं. पुढे छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेची तीन वर्षं भरली आणि मुंबईचं विमान बंद. ही योजना मोठी मजेशीर आहे. निम्म्या जागा स्वस्तात विकायच्या, तोटा सरकारने भरायचा, आणि तीन वर्षांनी भरपाई संपली की कंपनीला अचानक कळतं, अरेच्चा, इथे प्रवासीच नाहीत! प्रवासी कसे असतील? आज आहे, उद्या नाही, अशा विमानाच्या भरवशावर कोण कामाला निघेल? नांदेडचं उड्डाण तर २०१७ मध्ये ‘उडान’च्या अगदी पहिल्या दिवशी झालं. पुढे तिथेही विमानं थांबली. लातूर, धाराशिव, यवतमाळ, बारामती आणि नांदेड ही पाच विमानतळं २००९ मध्ये एका खासगी कंपनीला दिली होती, तब्बल ९५ वर्षांच्या कराराने. विमान आणायची अट घालायला बहुधा कागदच पुरला नसावा.

टर्मिनल आतून बघून घ्या, फुकट आहे. आमच्याकडे सामानाचा पट्टा अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आहे. चहाच्या काउंटरवर चादर टाकलेली. एसी मात्र असा की स्वेटर लागावा. भिंतीवर वारली चित्रं. सुरक्षारक्षक आपल्याला बघून दचकतो.

मोबाइल कायम चार्ज ठेवा. आईची मुंबईतल्या डॉक्टरांची वेळ दोन महिन्यांनी मिळाली होती. सकाळचं विमान. आदल्या रात्री साडेअकराला मेसेज आला: ‘ऑपरेशनल कारणास्तव’ रद्द, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, मग संगीत. शेवटी एका मुलाने सांगितलं, ‘सर, परवाचं देऊ का?’ परवा डॉक्टर तुमचे मामा बसणार आहेत का थांबून? त्या वेळी ट्रॅव्हल्सही निघून गेलेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला रात्रभर भाड्याच्या गाडीत बसवून नेलं. रिफंड म्हणे सात दिवसांत. अजून आलेला नाही.

आता पुरे झाली चेष्टा. लाज वाटू द्या थोडी! लोकांच्या जमिनी घेतल्या, कोट्यवधी ओतले, वर प्रत्येक निवडणुकीत याच धावपट्टीवर मतं मागता. पुण्याजवळ पुरंदरला नव्या विमानतळासाठी सात गावं जमीन द्यायला तयार नव्हती म्हणून त्यांना विकासविरोधी ठरवलंत, आणि बांधून तयार असलेल्या विमानतळावरून आठवड्यात चार विमानं धड सोडता येत नाहीत? मुंबईत स्लॉट, म्हणजे विमान उतरवायची-उडवायची ठरलेली वेळ, मिळत नाही हे रडगाणं आम्ही किती वर्षं ऐकायचं? आधी स्लॉट घ्या, मग फीत कापा. आणि विमान रद्द करायचंच असेल तर निदान संध्याकाळी सहाच्या आत सांगा, रात्री साडेअकराला नाही.