आर्सेनलचा सिनेमा ‘पहिला’? छे!

‘१९३९चा “द आर्सेनल स्टेडियम मिस्टरी” हा जगातला पहिला फुटबॉलपट. त्यातला सामना खराखुरा, महायुद्धाआधीचा शेवटचा. आणि कामंही आर्सेनलच्या खेळाडूंनीच केलीत.’ हा फॉरवर्ड केलेला मेसेज दर सीझनला फिरून येतो. मी आर्सेनलवाला, म्हणजे लंडनच्या या फुटबॉल क्लबचा चाहता; मेसेज खरा असता तर मीच पुढे ढकलला असता.

‘पहिला’ तर मुळीच नाही. १९२७मध्ये जर्मनीत झोल्टान कोर्डाने ‘डी एल्फ टॉयफेल’, म्हणजे ‘अकरा सैतान’ हा मूकपट केला होता. खुद्द ब्रिटनमध्ये १९३०ला जॅक रेमंडचा ‘द ग्रेट गेम’ आला. आर्सेनलच्या सिनेमात खुनाचा तपास आहे; यात मात्र खून नाही की डिटेक्टिव्ह नाही. क्लबचा मॅनेजर आणि चेअरमन यांची जुंपते: तरुण पोरं खेळवायची, की पैसे ओतून तयार खेळाडू आणायचे? (ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, उघडली की आपल्या ग्रुपवर दुसरं काय चालतं!) चेल्सी गाजवलेला जॅक कॉक त्यात आहे. पुढे बडा नट झालेला रेक्स हॅरिसनही, छोट्याशा भूमिकेत.

सामना खरा, हे अर्धं बरोबर. ६ मे १९३९ला आर्सेनलच्या तेव्हाच्या हायबरी मैदानावर आर्सेनल-ब्रेंटफर्ड लीग सामना झाला, तो चित्रित केला. मात्र कथेत प्रतिस्पर्धी आहे ‘ट्रोजन्स’ हा काल्पनिक हौशी संघ, म्हणून ब्रेंटफर्डची पोरं त्या दिवशी वेगळी जर्सी घालून उतरली. विषप्रयोगाने मैदानात कोसळतो तोही ट्रोजन्सचा माणूस. आर्सेनलचं कुणी मरत नाही.

‘महायुद्धाआधीचा शेवटचा’ म्हणाल, तर तो त्या सीझनचा शेवटचा. पुढचा सीझन ऑगस्टमध्ये सुरू झाला होता. २ सप्टेंबरला आर्सेनलने संडरलंडला ५-२ हरवलं, दुसऱ्या दिवशी ब्रिटनने युद्ध पुकारलं. लीग थांबली, झालेले निकालही रद्द धरले. म्हणून ते सामने कुणाला आठवत नाहीत.

राहिला अभिनय. खेळाडू पडद्यावर दिसतात, पण तपास करणारा इन्स्पेक्टर स्लेड म्हणजे लेस्ली बँक्स, पक्का व्यावसायिक नट. आर्सेनलकडून खरा भाव खाऊन जातो तो मॅनेजर जॉर्ज ॲलिसन. ‘फुटबॉलवाल्याला हे जमलं कसं?’ म्हणून त्याचं कौतुक होतं. अहो, हा गडी मुळात पत्रकार. १९२७ची एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेची फायनल आर्सेनल हरलं, तेव्हा बीबीसी रेडिओवर समालोचन करायला हाच होता. माइकसमोर बोलणं त्याच्या हातचा मळ होता.