राज्य एक झालं? आता मांडव घाला

तुमच्या हाती नुकतंच एखादं राज्य एकसंध होऊन आलं असेल, तर अभिनंदन. आता राजनीतीचे ग्रंथ माळ्यावर टाका आणि गोर्योच्या वांग गॉनचा कित्ता गिरवा. हा कोरियातला राजा 918 साली गादीवर बसला, 936 पर्यंत त्याने सिल्ला आणि उत्तरकालीन बेक्जे ही दोन्ही राज्यं पदरात पाडून घेतली आणि 943 साली तो वारला. मागे 29 राण्या, 25 मुलगे, 9 मुली आणि दहा कलमांचं एक उपदेशपत्र. एवढा अनुभव आणखी कुठे मिळणार?

पहिली गोष्ट, गादी स्वतः मागायची नाही. ती मिळेपर्यंत वरच्या माणसाच्या हाताखाली निमूट राबायचं. वांग गॉनचा धनी होता गुंग ये. एका डोळ्याने आंधळा, स्वतःला मैत्रेय बुद्ध म्हणवणारा, आणि समोरच्याच्या मनातलं आपल्याला दिसतं असा त्याचा दावा. एके दिवशी त्याने वांग गॉनला बोलावून थेट विचारलं, काल रात्री माणसं जमवून बंडाचा कट केलास ना? कट झालाच नव्हता. तुम्ही-आम्ही असतो तर तेच शपथेवर सांगितलं असतं आणि डोकं गमावून बसलो असतो. पण दरबारातल्या चे उंग नावाच्या कारकुनाने मुद्दाम हातातला कुंचला खाली पाडला, तो उचलायच्या निमित्ताने वाकला आणि कानाशी पुटपुटला, कबूल करा नाहीतर मेलात. वांग गॉनने कबूल केलं. म्हणाला, केला कट, मरणाच्याच लायकीचा आहे मी. गुंग ये खूश होऊन हसला आणि त्याने सोन्याचांदीने मढवलेलं खोगीर आणि लगाम बक्षीस दिला. आपली मनकवडेगिरी खरी ठरल्याचा आनंद केवढा असतो बघा. तेव्हा वरिष्ठांनी आरोप केला की पुरावा मागू नका, खोगीर मागा.

पुढे खराखुरा कट शिजला, तेव्हा मनातलं वाचणाऱ्याला काहीच वाचता आलं नाही.

त्या रात्री चार सेनापती घरी आले. बाईमाणसासमोर असले विषय कसे काढायचे, म्हणून घरच्या यू बाईंना सांगण्यात आलं, बागेत खरबुजं आली असतील, जरा तोडून आणता का? त्या बाहेर पडल्या आणि वळसा घालून पडद्यामागे येऊन उभ्या राहिल्या. आत वांग गॉन रीतीप्रमाणे नको नको म्हणत होता, धन्याशी बेइमानी कशी करू वगैरे. बाई पडद्याबाहेर आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी नवऱ्याच्या अंगावर चिलखत चढवलं. राज्य स्थापन झालं. खरबुजांचं पुढे काय झालं ते इतिहासात नाही.

आता मूळ मुद्दा. गादी मिळाली तरी मुलूख तुमचा नसतो. गावोगावी गढीवाले बसलेले असतात. फौज त्यांची, कोठार त्यांचं, आणि राजाची आठवण त्यांना सवडीने येते. एकेकाशी लढायचं तर जन्म पुरणार नाही. म्हणून सोयरीक. ज्याच्याकडे तलवारी जास्त, त्याच्या मुलीचा हात मागा. दोन मुली असतील तर दोन्ही. प्योंगयांगच्या वाटेवर किम हेंगपा नावाच्या सरदाराने राजाला घरी नेलं, दोन रात्री ठेवून घेतलं आणि दोन्ही रात्री आपली एकेक मुलगी सेवेला धाडली. राजा पुढे निघून गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. दोघी बहिणी भिक्षुणी झाल्या. हे कळल्यावर राजाला वाईट वाटलं, नाही असं नाही. त्याने प्योंगयांगमध्ये दोघींसाठी दोन मठ बांधून दिले, वर जमिनी आणि गुलाम दिले. इतिहास त्यांना त्या मठांच्या नावानेच ओळखतो, थोरली पश्चिममठवाली आणि धाकटी पश्चिममठवाली. मुलींची स्वतःची नावं विचारायला तुम्हाला वेळ मिळणार नाहीच. राज्य मोठं असतं.

ज्यांना मुली नसतील त्यांना आडनाव द्या. त्याला खर्च शून्य. 930 साली आंदोंगजवळच्या लढाईत मदत करणाऱ्या स्थानिक किम हेंगला 'क्वॉन' हे आडनाव मिळालं. ते घराणं आजही ते अभिमानाने मिरवतं. आडनाव शिक्षा म्हणूनही देता येतं. मोकचॉनच्या लोकांनी पुनःपुन्हा बंड केलं म्हणून राजाने त्यांना बैल, डुक्कर अशी जनावरांची आडनावं दिली, असं जुनं भूवर्णन सांगतं. शिवाय गढीवाल्यांचे मुलगे 'पाहुणे' म्हणून राजधानीत आणून ठेवा. पाहुणचारात कसूर नको. दाराला कडी मात्र बाहेरून.

हरलेल्यांशी तर फारच गोड वागायचं. 935 साली सिल्लाचा शेवटचा राजा ग्यॉन्गसुन शरण आला. त्याला थोरली मुलगी देऊन जावई केलं, त्याच्या चुलत्याची मुलगी स्वतः केली आणि त्याच्याच जुन्या राजधानीचा देखरेख्या म्हणून त्याला नेमलं. कट्टर वैरी ग्यॉन ह्वॉनची कथा याहून सरस. 927 साली याच गृहस्थाने गोंगसानला वांग गॉनची धूळधाण केली होती. राजाचा वेश चढवून सेनापती शिन सुंगग्यॉम मेला म्हणून राजा वाचला. पण म्हाताऱ्याने गादी चौथ्या मुलाला द्यायचं ठरवलं आणि थोरल्यांनी त्याला गुमसान मठात कोंडलं. तो निसटून थेट वांग गॉनकडे आला. वांग गॉनने त्याला पितृतुल्य मानून जहागीर दिली आणि 936 साली त्याच्याच राज्यावर चाल करताना त्याला बरोबर घेतलं. आपला जुना राजा समोरच्या फळीत बघून बेक्जेचे काही सरदार लढाईआधीच शस्त्रं टाकून आले. घरातली भांडणं शेजाऱ्याच्या इतकी कामी क्वचितच येतात.

शेवटी उपदेशपत्र लिहायला विसरू नका. आठवं कलम म्हणतं, दक्षिणेकडच्या, जुन्या बेक्जे मुलखातल्या लोकांना कारभारात घेऊ नका. हे कलम नंतर कुणी घुसडलं असावं असा काही अभ्यासकांना संशय आहे, आणि तो रास्तही वाटतो, कारण वांग गॉनचा थोरला मुलगा, युवराज ह्येजोंग, याचं आजोळ दक्षिणेतल्याच नाजूचं. पण कलम खोटं असो वा खरं, वारसांनी ते काटेकोर पाळलं नाही.

वांग गॉनला दोन मुली आणि ह्येजोंगला एक मुलगी देणाऱ्या वांग ग्यू या सरदाराला आपला नातू गादीवर हवा होता. त्याने जावयाच्या शेजघरात मारेकरी पाठवले; ह्येजोंगने एकाला ठोशानेच गार केलं म्हणतात. तरी 945 साली तो गेलाच. मग त्याचा सावत्र भाऊ जॉन्गजोंग, तोही चार वर्षांत संपला. मग 949 साली त्याचा धाकटा भाऊ ग्वांगजोंग. हा सात वर्षं गप्प बसला. 956 साली त्याने गढीवाल्यांचे गुलाम तपासायला काढले आणि अन्यायाने गुलाम केलेल्यांना सोडवलं. राणीने थांबवायची विनवणी केली, ऐकली नाही. राणी त्याची सावत्र बहीण, म्हणजे नवे व्याही जोडायचा प्रश्नच मिटला. 958 साली परीक्षा घेऊन अधिकारी नेमणं सुरू केलं आणि 960 पासून बापाच्या मांडवातली मंडळी एकेक करून कापायला घेतली. 975 साली तो मेला, तेव्हा जुन्या दरबाऱ्यांपैकी चाळीसेक जण जिवंत होते.

तेव्हा खुशाल मांडव घाला. फक्त वऱ्हाडाची यादी जपून ठेवा, मुलाला लागेल.