सकाळपर्यंत थांबायचं का?

2025 मध्ये पुण्यात एका गर्भवतीचा मृत्यू झाला आणि हॉस्पिटलने आधी डिपॉझिट मागितल्याच्या आरोपावरून राज्यभर वाद पेटला. आमच्या नाशिकच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही तोच विषय. "एकदा आत गेलं की आयसीयू आणि लाखांचं बिल," असं बहुतेकांचं मत. मला मात्र ऐकवलं जातं, "तुमच्या इंग्लंडात बरं, सगळं फुकट!"

फुकट आहे, खरं. पण इथल्या इमर्जन्सी विभागात चार तासांचं उद्दिष्ट असूनही लोक त्याहून जास्त वेळ बाकावर बसून काढतात. हार्ट अटॅकच्या कॉलला अ‍ॅम्ब्युलन्स सरासरी 18 मिनिटांत यावी, हे उद्दिष्टही वर्षानुवर्षं हुकतंय. मला मोलाचा वाटतो तो 111 हा इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ल्याचा नंबर. रात्री-अपरात्री फोन लावला तरी पलीकडचा माणूस ठरावीक प्रश्न विचारतो आणि सांगतो, सकाळी डॉक्टरांना दाखवा किंवा आत्ताच निघा.

आपल्याकडे हा निर्णय घरातल्या बैठकीत होतो. इंदिरानगरला काकांच्या छातीत दडपण आलं तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर होते. बनियन घामाने चिंब, हात जबड्यावर, आणि तोंडी एकच, "गॅस झालाय, सकाळी बघू." काकू ओवा घेऊन उभ्या. शेजारचे भाऊ म्हणाले, "आत्ता नेलं तर अ‍ॅडमिटच करतील." हॉस्पिटल मुंबई नाक्याला, रात्री गाडीने जेमतेम दहा मिनिटं, घरातून निघायलाच तास गेला. स्टेंट पडला, काका आज हिंडतात-फिरतात, पण हृदय अशक्त झालंय.

त्या शेजाऱ्यांना मी दोष देत नाही. बिलाची भीती खरी आहे, आणि तिच्यापायीच माणसं घरी थांबतात. तातडीच्या रुग्णावर सरकारी असो की खासगी, कुठल्याही डॉक्टरने उपचार केलेच पाहिजेत, असं सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. ते प्रत्येक कॅज्युअल्टीच्या दारावर मराठीत लागलं पाहिजे.

पण काही लक्षणांना चर्चा नकोच. छातीत दडपण आणि घाम, अचानक धाप, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. बायका आणि मधुमेही यांच्यात तर कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसती मळमळ किंवा दम लागतो. 108 ची अ‍ॅम्ब्युलन्स फुकट येते, पैशांचं नंतर बघता येतं.

ग्रुपवर मी सगळ्यांना एक काम दिलंय: आपल्या घराजवळ रात्री कॅथलॅब (जिथे अँजिओग्राफी करून स्टेंट टाकतात) आणि सीटी स्कॅन कुठे चालू असतं ते विचारून टाका. इंदिरानगर आणि सिडकोचं आलंय. पंचवटी, नाशिकरोडवाल्यांनी या रविवारपर्यंत टाकावं.