आज्ञा गुरुवारच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, म्हणजे आज्ञा गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची आठवण म्हणून चर्चमध्ये धर्मगुरू काही जणांचे पाय धुतात. ख्रिस्ती पुढाऱ्याने दीनदुबळ्यांत देव पाहावा, असं मी त्या विधीच्या निमित्ताने लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "गरिबात देव बघणाऱ्याला गरीब गरीबच राहिलेला बरा वाटतो. वर्षातून एकदा पाय धुवायचे आणि वर्षभर पहिल्या बाकावर बसायचं. संस्था चालवायला हिशेब आणि निर्णय लागतात, डोळ्यांतलं पाणी नाही."

पहिल्या बाकाचं तुमचं म्हणणं खरं आहे. वसईच्या आमच्या चर्चमध्ये बाहेरून कामाला आलेली माणसं आजही दाराशीच उभी राहतात. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपायच्या आत निघूनही जातात. मला त्याची लाज वाटते.

पण देव पाहणं म्हणजे कळवळा येणं, असं तुम्ही धरून चालता, तिथे माझं जमत नाही. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात ज्यांनी भुकेल्याला जेवू घातलं, तेही न्यायाच्या दिवशी राजाला, म्हणजे प्रभूलाच, विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना देव दिसलाच नव्हता, भूक दिसली होती. मार्कच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी हाका मारतो. लोक त्याला गप्प करू बघतात. येशू मात्र थांबतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? आंधळ्याला काय हवं असणार, हे कुणालाही कळेल. तरी तो विचारतो. मला पुढारीपण त्या प्रश्नात दिसतं.

हे मला उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी नाताळच्या तोंडावर आम्ही तुंगारेश्वरच्या पायथ्याशी एका कातकरी आदिवासींच्या वाडीवर ब्लँकेटं घेऊन गेलो. काय हवं ते कुणालाच विचारलं नव्हतं. एक बाई कुडाला टेकून खाडीतून आणलेल्या चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत बसली होती. तिने ब्लँकेट घेतलं, बाजूला ठेवलं, हात पुसले आणि आढ्यात खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत रेशनकार्ड आणि शाळेचा कागद. मुलाचं नाव एकावर एक, दुसऱ्यावर भलतंच. "भाऊ, याचा जातीचा दाखला होत नाय. तेवढं बघा."

अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. पावसाळा सरला की बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जायचं, पाऊस आला की परतायचं. अशा घरात १९५०चा कागद कुठून असणार? मग आमचे हेलपाटे सुरू झाले. तलाठी, जुन्या शाळेचं रजिस्टर, प्रतिज्ञापत्र, गृहचौकशी. तुम्ही म्हणता तो हिशेब आणि ती शिस्त इथे पुरेपूर लागली. पण कोणतं काम हाती घ्यायचं, हे त्या बाईने ठरवलं होतं. आमच्यावर सोडलं असतं तर पुढच्या नाताळातही आम्ही ब्लँकेटंच नेली असती. दाखला हातात पडला तेव्हा पोरगा दहावीला गेला होता.

पाय धुण्याने काही बदलत नाही, हेही मला पटत नाही. २०१३च्या आज्ञा गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालसुधारगृहात १२ जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. विधीच्या नियमात तेव्हा फक्त पुरुषांचा उल्लेख होता. जानेवारी २०१६ मध्ये तो नियमच बदलला. आधी ते वाकले, निर्णय मागून आला.

राहिला पहिला बाक. दाराशी उभं राहणाऱ्यांपैकी दोघांना पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सल्लागार समितीच्या, पुढच्या बैठकीला बोलवावं, असं पत्र मी दिलं आहे. त्यांना काय हवं ते त्यांनीच सांगावं आणि ते इतिवृत्तात त्यांच्या शब्दांत लिहिलं जावं, एवढीच मागणी आहे. उत्तर आलं की इथेच कळवतो.