डावीकडे ओढणाऱ्या लोडरच्या तक्रारीला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आमच्याकडून घेतलेला जुना स्किड स्टीअर लोडर (पुढच्या बकेटने माल उचलणारे छोटे मशीन) तासाभराच्या कामानंतर डावीकडे ओढतो, मशीन किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरवरील २,४०० तास खरे वाटत नाहीत आणि टायर तीन महिन्यांत झिजले, असे आपण अभिप्रायात लिहिले आहे. आमच्या मेकॅनिकने आपल्याकडे येऊन मशीन तपासले असून पहिल्या तक्रारीत चूक पूर्णपणे आमची आहे.

या मशीनची चाके वळताना तिरपी होत नाहीत. प्रत्येक बाजूची चाके त्या बाजूची हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, मोटर स्वतंत्रपणे फिरवते आणि ज्या बाजूचा वेग कमी, त्या बाजूला मशीन वळते. आतून झिजलेली मोटर तेल थंड व दाट असेपर्यंत ठीक चालते. तेल तापून पातळ झाले की ते झिजलेल्या फटींतून निसटते आणि त्या बाजूचा जोर उतरतो. तेल तापल्यावर आपल्या मशीनच्या डाव्या मोटरच्या केस ड्रेनमधून (मोटरच्या आत निसटलेले तेल टाकीत परत नेणाऱ्या नळीतून) उजवीपेक्षा बरेच जास्त तेल परत येत होते. विक्रीच्या दिवशी आम्ही मशीन जेमतेम दहा मिनिटे, तेही रिकाम्या बकेटने, चालवून दाखवले. इंजिनाची पारख ते थंड असताना सुरू करून होते, हायड्रॉलिकची मात्र तापल्यावर, हे ठाऊक असूनही आम्ही घाई केली, याचे मला मनापासून वाईट वाटते. मोटर बदलण्याचा आणि ने-आणीचा सर्व खर्च आम्ही करू. त्यानंतर आपल्यासमोर भरलेल्या बकेटने तासभर काम करूनच मशीन ताब्यात देऊ.

मीटरला आम्ही हात लावलेला नाही. तरीही आपली शंका रास्त आहे, कारण मीटर बदलता येतो आणि मशीनचे खरे वय पिना-बुशांतील (सांध्यातील खिळी व तिच्याभोवतीच्या नळकांड्यातील) ढिलाई, पेडलांची झीज व बकेटची कड यांवरून अधिक नीट कळते. विक्रीपूर्वी आम्ही आर्मच्या (बकेट उचलणाऱ्या दांड्यांच्या) पिना व बुश बदलले आणि रंगही दिला. काम चांगल्या हेतूने केले, पण आपल्याला पाहता आला असता असा पुरावा त्यामुळे पुसला गेला. काढलेले जुने भाग ग्राहकाला दाखवून त्यांची बिलात नोंद करायला हवी होती, आणि यापुढे आम्ही तसेच करणार आहोत.

टायरची तक्रार मात्र मला मान्य करता येत नाही. हे मशीन चाके घसटतच वळते, त्यामुळे काँक्रीटवर जागच्या जागी फिरवल्यास टायर झपाट्याने झिजतात. पुढे-मागे घेत टप्प्याटप्प्याने वळवल्यास ते बरेच जास्त टिकतील. एका बाजूची दोन्ही चाके साखळीने जोडलेली असल्याने टायर बदलताना त्या बाजूला एकाच मापाची जोडी घालावी.

तेल कुठून गळते हे शोधण्यासाठी आपल्या चालकाने आर्म वर उचलून होज (तेलाच्या रबरी नळ्या) हाताने चाचपले, असेही आपण लिहिले आहे, आणि ते वाचून मी धास्तावलो. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने उडणारे तेल कातडी भेदून आत शिरते. जखम बारीक दिसली आणि दुखत नसली, तरी त्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. कृपया गळती पुठ्ठा धरूनच पाहावी, तोही डोळ्यांवर सुरक्षा चष्मा लावून, आणि आर्मला त्याचा लोखंडी आधार लावल्याखेरीज कोणालाही त्याखाली जाऊ देऊ नये. मशीन आमच्याकडे येईपर्यंत ते बंदच ठेवावे, अशी विनंती आहे.