पिवळं दिसलं म्हणजे गाईचं?

परवा वहिनीने तुपाच्या बरणीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दारात दोन गाई असलेल्या एका घरून तिने ते तूप आणलं होतं. अर्ध्या तासात निकाल लागला. "फारच पांढरट आहे, म्हशीचं मिसळलंय." "कणी कुठेय? वनस्पती तूप असणार." वहिनी बरणी परत करायला निघालीच होती, मी तिला थांबवलं. नुसतं बघून कुणाच्या कष्टाला भेसळ म्हणणं मला सहन होत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

गाईच्या तुपाला पिवळेपणा येतो तो बीटा कॅरोटीनमुळे. हिरव्या चाऱ्यातलं हे कॅरोटीन दुधाच्या स्निग्धांशात उतरतं. म्हैस त्याचं जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण हिरवा चारा संपून गाय कडब्यावर आली की त्याच गाईचं तूप फिकट होतं, हे कुणी लक्षात घेत नाही. शिवाय जर्सी गाईचं तूपही छान पिवळं असतं, तेव्हा गडद रंगावरून 'देशी' ठरवणंही चूकच. आणि ए-टू म्हणाल, तर तो दुधातल्या प्रथिनाचा प्रकार. तुपात प्रथिन उरतंच किती? ते रंगात शोधून सापडणार नाही.

कणीचं तर मी स्वतः करून पाहिलंय. एकाच पातेल्यात कढवलेलं तूप दोन बरण्यांत गाळलं. एक ओट्यावर सावकाश निवू दिली, दुसरी कोमट असतानाच फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी ओट्यावरच्या बरणीत खाली रव्यासारखी कणी आणि वर बोटभर पातळ सोनेरी तूप. फ्रीजमधलं मात्र मेणासारखं गुळगुळीत. शेजारी शेजारी ठेवल्यावर घरात कुणालाच ते एका लोण्याचं वाटेना! तुपात वेगवेगळ्या तापमानाला गोठणारे स्निग्ध घटक असतात. हळूहळू निवलं तर लवकर गोठणारे आधी जमतात आणि कणी मोठी होते. झटकन गार केलं की सगळं एकदम थिजतं. आणि वनस्पती तूपही मुद्दाम रवाळ बनवता येतं, बनवलं जातंच. मग कणीवर भरवसा कसा ठेवायचा?

तळहातावर वितळतं का, ही परीक्षाही तशीच. अंगाच्या उबेला वितळणारे इतर स्निग्ध पदार्थ काय कमी आहेत?

डोळ्यांना काहीच कळत नाही असं नाही. तूप पूर्ण वितळवून काचेच्या पेल्यात धरा. ते नितळ दिसलं पाहिजे. गढूळ असेल तर पाणी राहिलंय किंवा बेरी नीट गाळलेली नाही, आणि असं तूप लवकर खवट होतं. तपकिरी झाक असेल तर बेरी करपेपर्यंत कढवलंय. पण हे सगळं कढवणाऱ्याच्या हाताबद्दल झालं, भेसळीबद्दल नाही. त्यापेक्षा नाक जास्त सांगतं. विरजण लावून काढलेल्या लोण्याचं तूप हुंगलं की तो खमंग वास चटकन ओळखू येतो. अर्थात वासाचा अर्कही बाजारात मिळतो, म्हणून नाकावरसुद्धा शपथ घेऊ नये.

भेसळ खरी कळते ती प्रयोगशाळेत. तिथे रायकर्ट-माइसल मूल्य काढतात. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिकसारखी आखूड साखळीची आम्लं असतात, त्यांचं हे माप. आपल्या मानकांत तुपासाठी त्याची किमान मर्यादा घातलेली आहे, पामतेलात ते जवळजवळ शून्य असतं. वनस्पती तुपात तिळाचं तेल घालण्याची सक्ती आपल्याकडे केली गेली तीसुद्धा यासाठीच, की तिळाचं तेल ओळखणाऱ्या बॉडोइन चाचणीत लालसर रंग येऊन तुपात मिसळलेलं वनस्पती पकडता यावं.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. आपण 'पिवळंच हवं' म्हणून अडून बसतो, म्हणून तुपात रंग पडतो. तसा रंग घालायला परवानगी नाही, तरी पडतो. आणि जो प्रामाणिकपणे ऋतूप्रमाणे येईल तसं फिकट तूप देतो, त्याचीच बरणी परत जाते.

वहिनीकडे गेले तेव्हा त्या बरणीतलं चमचाभर तूप वितळवलं. तळ दिसेल इतकं नितळ, आणि वास अख्ख्या स्वयंपाकघरात. मग तिने त्या घरच्या काकूंना फोन लावला, गाईंना काय घालता म्हणून विचारायला. महिना झाला, गाई नुसत्या कडब्यावर होत्या.