डेझर्ट वाईन जेवणानंतर नव्हे, शेवभाजीसोबत

नाशिकच्या वायनरीत टेस्टिंगला गेलेली आपली जळगाव-धुळ्याकडची मंडळी रेड वाईनच्या पहिल्याच घोटाला तोंड वाकडे करतात आणि गोड वाईन, म्हणजे डेझर्ट वाईन, मात्र पुन्हा मागून घेतात, यावर पुष्कळ जण हसतात. मला यात हसण्यासारखे काहीच दिसत नाही. शिराझ किंवा कॅबरने सॉव्हिन्यॉन या रेड वाईन करताना काळ्या द्राक्षांचा रस साली-बियांसकट आंबवतात. सालींतून रंग उतरतो आणि साली-बियांतून टॅनिनचा तुरटपणा. तिखटाने आधीच पेटलेल्या तोंडाला हा तुरटपणा आणि 13-14 टक्के अल्कोहोल अधिकच झोंबते. तेव्हा सकाळी झणझणीत मिसळ हाणून दुपारी शिराझला नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

गोड वाईनचे गणित याच्या अगदी उलट आहे. शेनिन ब्लाँ जातीची पांढरी द्राक्षे नेहमीची तोडणी झाल्यावरही वेलीवर राखली जातात, तिथे ती सुरकुततात, त्यांतले पाणी कमी होऊन साखर दाट होते आणि सगळी साखर आंबून जाण्याआधीच टाकी थंड करून आंबणे थांबवले जाते. ही ‘लेट हार्वेस्ट’ वाईन गार असताना पेला जरा कलता करून पाहावा: सोनेरी रस काचेवरून सावकाश ओघळतो, मधाचा आणि सुकवलेल्या जर्दाळूचा वास येतो, आणि गोडी जड वाटू लागण्याच्या आतच शेनिनचा आंबटपणा जीभ स्वच्छ करतो. काळ्या मसाल्याच्या, वर तेलाचा तवंग आलेल्या शेवभाजीला याहून चांगली सोबत मला तरी ठाऊक नाही, कारण साखर तिखटाचा दाह शमवते. उलट खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांसोबत हीच वाईन फिकी आणि आंबट लागते. म्हणून टेस्टिंगमध्ये डेझर्ट वाईनबरोबर चॉकलेटऐवजी एखादा तिखट घास द्यावा, अशी माझी वायनरीवाल्यांना कळकळीची विनंती आहे. क्रम मात्र त्यांचाच पाळावा: आधी रेड, शेवटी गोड. गोड आधी घेतली की मागून येणारी रेड उगाच कडवट लागते.

रेडसाठी आपल्याकडे भरीत आहे. काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धुरकट स्वाद आणि शेंगदाण्याचा स्निग्धपणा टॅनिनला मवाळ करतो, फक्त मिरची बेताची हवी. आणि ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड मुलखातला आहे. खानदेशच्या उन्हाळ्यात बाटली फ्रिजमध्ये ठेवून 16 ते 18 अंशांवर आणल्याशिवाय उघडूच नये.